पहिलीच्या वर्गाआधीचा मे महिना

माझी जन्मतारीख १ जून आहे. ती खरी नाही. आई सांगते, तू हुरड्याच्या दिवसांतला. म्हणजे डिसेंबर किंवा जानेवारी. पण मराठवाड्यातील ज्या गावी माझे नाव शाळेत घातले गेले तेथे वडिलांना तारीख सांगता आली नाही आणि गुरुजींनी फारसा वेळ न दवडता, सत्र सुरू होण्याच्या तोंडावरची एक सोयीची तारीख टाकून दिली. आज मी महाविद्यालयात शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत अर्जांचे गठ्ठे चाळताना १ जून ही तारीख इतक्या वेळा डोळ्यांखालून जाते की ती दिसली रे दिसली की मी मनाशी म्हणतो, हा आपल्यापैकी. याच्या घरात कुणाला तारीख ठाऊक नव्हती.

या राज्यव्यवस्थेने आपली पहिली नोंद केली ती प्राथमिक शिक्षकाच्या हाताने. महाविद्यालयातील माणसाने पहिलीच्या वर्गावर कशासाठी लिहावे, असे कोणी विचारील तर त्याचे एक उत्तर हे. दुसरे उत्तर माझ्या वर्गात मागच्या बाकांवर बसलेले असते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आलेली ही मुले-मुली वर्गात तोंड उघडत नाहीत. त्यांना उत्तर येत असते. तास संपल्यावर व्हरांड्यात तेच उत्तर ती नेमके देतात. मग वर्गात का बोलला नाहीस, असे विचारले की म्हणतात, "बोलताना चुकतं, सर." हे चुकणे त्यांना कोणी आणि केव्हा शिकवले, याचा माग काढत मागे गेले की आपण पहिलीच्या वर्गाच्या दाराशी येऊन थांबतो.

पवनेच्या एका काठाला पिंपरी आणि दुसऱ्या काठाला काळेवाडी. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पुढे साठच्या दशकात औद्योगिक वसाहत झाली, वाहनांचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ शेकडो लहान कारखाने. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून, सोलापूर भागातून माणसे हुसकावली आणि ती या पट्ट्यात येऊन पडली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. काळेवाडीतील विजयनगर, नढेनगर, तापकीरनगर या भागांत आज दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांतून लातूर, नांदेड, बीड, बुलढाणा, जळगाव, कलबुर्गी आणि अलीकडे उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतची कुटुंबे राहतात. बाप कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, आई धुण्याभांड्याला किंवा कुठल्याशा वर्कशॉपमध्ये पॅकिंगला. महापालिकेची शाळा ही या घरांची शाळा आहे.

अशा एका शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या एक बाई माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या घरातूनही त्याच पहिल्या शिकल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर काही दिवस फिरलो. जे पाहिले ते येथे मांडतो. कारण शिक्षकाच्या तयारीविषयी आपल्याकडे फार ढोबळ कल्पना आहेत.

पहिली ढोबळ कल्पना ही की शिक्षकाला उन्हाळ्यात सुट्टी असते. १ मे रोजी निकाल लागतो आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते, मधले सहा आठवडे मास्तर मोकळा, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी १३ मे रोजी मावळ लोकसभा मतदारसंघाचे मतदान होते. बाईंचा मेचा पहिला पंधरवडा निवडणुकीच्या प्रशिक्षणात आणि मतदान केंद्रावर गेला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना शिक्षणबाह्य कामाला लावण्यास मनाई केली आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन दारे उघडी ठेवली आहेत. आपल्या देशात निवडणुका किती आणि त्यांची कामे किती, हे वाचकांना सांगायला नको. याच कायद्याच्या परिशिष्टात मात्र एक महत्त्वाची ओळ आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे आणि त्या तासांत तयारीचे तास धरलेले आहेत, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे तयारी हे काम आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य केली आहे. समाजाने अजून केलेली नाही. नव्या शिक्षकाला तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. ते प्राथमिकला दरमहा ६,००० रुपये होते, २०२३ पासून १६,००० झाले. काळेवाडीत एका खोलीचे भाडे देऊन उरलेल्या पैशांत त्याने तक्त्यांचे कागदही आणावेत, अशी अपेक्षा असते.

येथे जोतीराव फुले यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी दोन गोष्टी एकत्र मागितल्या. शिक्षक प्रशिक्षित असावा व त्याला दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावी १५ ते २० असावा, ही एक. आणि तो शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातून यावा, नांगर किंवा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा त्याला कळाव्यात, ही दुसरी. पगार आणि नाते. जोतीरावांनी या दोन मागण्या वेगळ्या केल्या नाहीत. पोट मारलेला शिक्षक लोकांत मिसळणार नाही आणि लोकांना कमी लेखणारा शिक्षक कितीही पगार दिला तरी शिकवणार नाही, हे ज्या माणसाने १८४८ पासून स्वतः शाळा चालवल्या त्याला अनुभवाने ठाऊक होते. मांग समाजातील मुक्ता साळवे या त्यांच्याच शाळेतील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. चौदा वर्षांच्या मुलीने धर्माला प्रश्न विचारले. तिला बोलताना चुकते असे कोणी सांगितले नव्हते, एवढे तरी नक्की म्हणता येईल.

तर बाईंची तयारी. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. एका मुलाला एक पान. पहिलीत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी शाळा उघडण्यापूर्वी एकदा जायचे, असा त्यांचा नेम. यासाठी त्यांनी गुरुवार धरला. या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा मूल शाळेत आणि मूल घरी असते तेव्हा बाप कामावर. शाळेच्या पालकसभेला पालक येत नाहीत, त्यांना मुलांच्या शिक्षणाची आस्था नाही, असे जे सरसकट बोलले जाते त्यातील निम्मे या एका वाराच्या घोळातून आलेले आहे. सकाळी अकराच्या सभेला यायचे तर खाडा पडतो. खाड्याचा पगार कापला जातो, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवले जाण्याची धास्ती असते ती वेगळीच. १६ मे ते १३ जून या काळात पाच गुरुवार आले. त्यांपैकी तिघांना मी सोबत होतो.

मे महिन्यात निम्म्या खोल्यांना कुलपे असतात. लग्नसराई, गावची जत्रा, म्हाताऱ्यांची आजारपणे. काही कुटुंबे पेरणी उरकूनच परततात, म्हणजे जुलै उजाडतो. ज्या खोल्या उघड्या होत्या तेथे बाई उंबऱ्याशी बसत, पाणी मागून घेत. हे पाणी मागून घेणे मी मुद्दाम नोंदवतो. कुठल्या घरी पाणी घ्यायचे आणि कुठल्या घरी "नको, आत्ताच झालं" म्हणायचे याचे जे अलिखित शास्त्र आपल्या समाजात आहे, ते पत्र्याच्या खोलीतील सहा वर्षांच्या पोरीलाही समजते. एका आईने पेला विसळून, पुन्हा विसळून, पदराने पुसून दिला. बाई म्हणाल्या, "ताई, एवढं काय पुसता? माझ्या आईकडं असलाच पेला आहे."

विचारायचे प्रश्न थोडे. घरी याला काय म्हणून हाक मारता? घरात कोणती बोली? शाळा सुटेल तेव्हा घरी कोण असेल? आधी कुठे जात होता, अंगणवाडीत की कुठेच नाही? आणि याला कशाची भीती वाटते? हा शेवटचा प्रश्न ऐकून आया थबकत. मुलाला काय येते, हे शाळा विचारते असे त्यांना वाटत होते, त्याची तयारी करून त्या बसल्या होत्या. एकीने मुलाला "ए फॉर ॲपल म्हण" असे तीनदा ढोसले. मग म्हणाली, "बाई, अंधारात जात न्हाई. आन् मोठ्यानं बोललेलं चालत न्हाई त्याला, यांचा आवाज चढला की मुततोय." बाईंनी ते लिहून घेतले. पहिल्या महिन्यात त्या पोराच्या अंगावर कोणी ओरडले असते तर तो वर्गात चड्डी ओली करून बसला असता, मुलांनी त्याला एक नाव ठेवले असते आणि ते नाव सातवीपर्यंत टिकले असते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. पण ज्या मुलाला काय लागते हेच ठाऊक नाही, त्याच्याशी छळाविना कसे वागायचे, हे कलम सांगत नाही. ते वहीत सापडते.

ही कल्पना नवी आहे असा दावा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर बोलला जाणारा अंगणवाडी हा शब्द त्या कामाशी जोडलेला आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा नेली. मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न उलटा करून शाळा मुलाकडे का जात नाही, असे त्यांनी विचारले. पुढे अंगणवाडी ही योजना झाली, तिला रजिस्टरे आली आणि तो प्रश्न मागे पडला.

आता भाषेकडे येतो. माझ्या मते सर्वांत अवघड तयारी येथे आहे आणि ती हाताने करायची नसून कानाने करायची आहे. बाईंच्या त्या वहीच्या मागच्या पानांवर शब्दांची यादी होती. बुलढाण्याकडचे पोर ‘मले’ म्हणते. लातूर-नांदेडचे ‘मी जायलो’ म्हणते. जळगावकडच्या घरात अहिराणी बोलली जाते, तेथे ‘माझे’ नसते, ‘मना’ असते. कलबुर्गीच्या घरात कानडी, आणि बिहारच्या घरात हिंदीसुद्धा नाही, भोजपुरी. पहिल्या दिवशी हे सारे एका वर्गात बसणार आणि पुस्तक एकाच भाषेत बोलणार. मूल बोलते ते कळले नाही तर शिक्षक ‘नीट बोल’ म्हणतो. ‘नीट बोल’ हा आपल्या शाळांतील सर्वांत जुना आणि सर्वांत निर्दोष दिसणारा अपमान आहे. गुरुजींना मी पहिल्यांदा ‘पानी’ मागितले तेव्हा त्यांनी ते सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतले होते. त्या दिवशी मी पाणी प्यालो नाही.

याची शास्त्रीय बाजू शिक्षकांनी समजून घेतली पाहिजे. मूल ‘पानी’ असे लिहिते तेव्हा त्याने चूक केलेली नसते. त्याने लेखनाचे मर्म ओळखलेले असते. बोललेल्या आवाजाला खूण असते आणि जो आवाज ऐकू येतो त्याची खूण लिहायची, हे त्याला कळले आहे. त्याच्या घरात ‘ण’ उच्चारला जात नाही, म्हणून त्याने ‘न’ लिहिला. ज्याने पाठ करून ‘पाणी’ लिहिले आणि ज्याने ऐकून ‘पानी’ लिहिले, त्या दोघांत वाचायला आधी कोण शिकेल, हे सांगायला पंडित नको. अशा वेळी लाल शाईची फुली मारणारा शिक्षक मुलाला सांगत असतो की तुझा कान खोटा, तुझी आई खोटी. बाई फुली मारत नाहीत. शेजारी ‘पाणी’ लिहितात आणि म्हणतात, घरी असे, पुस्तकात असे. हळूहळू पोर दोन्हीकडे वावरू लागते. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी. तिच्यावाचून परीक्षा नाही, नोकरी नाही, न्यायालयात बाजू मांडणे नाही. मात्र ती मिळवण्यासाठी घरची बोली गहाण टाकावी लागू नये.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिकेचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. गोऱ्या मुलांसाठी लिहिलेली वाचनमाला माओरी मुलांच्या मनाला भिडत नाही, हे पाहून तिने रोज एकेका मुलाला त्याचा स्वतःचा शब्द विचारायला सुरुवात केली आणि तोच शब्द कार्डावर लिहून त्याच्या हाती दिला. त्या शब्दांत भीती होती, माया होती, घरातली भांडणे होती. बाईंनी हे पुस्तक वाचलेले नाही. त्यांची पहिल्या पंधरवड्याच्या शब्दांची यादी मात्र त्याच जातीची निघाली: घर, नळ, डबा, गाव, पगार, भाकर, मामा. नळ हा शब्द काळेवाडीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. नळ किती वाजता येतो, रांगेत हंडा कोणाचा पुढे, भांडण कशावरून झाले, यावर सहा वर्षांचे पोर दहा मिनिटे बोलू शकते. ते बोलते, बाई फळ्यावर दोन अक्षरे काढतात, आणि ‘न’ आणि ‘ळ’ शिकून होतात.

बैठकीची तयारी थोडक्यात सांगतो. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे तरट न्यावे लागे, वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी मिळत नसे; हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज तरट नाही. पण हजेरी आडनावाने घेतली जाते आणि आडनाव हेच तरटाचे काम करते. बाईंनी हजेरी पहिल्या नावाने घ्यायची ठरवली आणि बसण्याच्या जागा दर सोमवारी बदलण्याचा तक्ता मे महिन्यातच आखून ठेवला. केर काढण्याच्या पाळ्यांत मुलगे, मुली सारे. एवढेच. याला पैसा लागत नाही.

जनरल रजिस्टरविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण येथे झालेली हयगय वीस वर्षांनी उगवते. पहिलीच्या प्रवेशावेळी या मोठ्या बांधीव वहीत मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात लिहिली जाते. शाळा सोडल्याचा दाखला येथूनच निघतो. पुढे जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी करताना समिती आजोबा-पणजोबांच्या अशाच जुन्या नोंदी मागते. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला नंबर लागूनही पडताळणी अडकल्याने रडकुंडीला आलेले विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो. आजोबांची नोंद आडनावाशिवाय, वडिलांची आडनावासकट, मुलाच्या आडनावात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. कारकुनाच्या टाकाने केलेली ही वेलांटी वकील लावूनही लवकर सुटत नाही.

आपल्या समाजात यात आणखी एक पेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांतील अनेक बापांनी जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ एवढेच लिहून घेतले. ती भावना मी पूर्णपणे समजू शकतो. ज्या नावाने गावकुसाबाहेर ठेवले ते नाव पुन्हा मुलाच्या कपाळी का लिहावे? पण बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने, आणि तेही मूळच्या जातीच्या आधारावर. फक्त ‘बौद्ध’ अशी नोंद असलेल्या मुलाला मूळ जात सिद्ध करण्यासाठी कागद शोधत हिंडावे लागते. ही विटंबना कायद्याची आहे, शिक्षकाची नाही. तरीही ती पालकाला प्रवेशाच्या वेळी समजावून सांगणे शिक्षकाच्या हाती आहे. एका घरी बाईंनी धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना वेगवेगळे काढून दाखवले, कुठे काय लिहिले तर पुढे काय होते ते सांगितले, आणि निर्णय बापावर सोडला. तो म्हणाला, "विचार करून सांगतो." पुढच्या गुरुवारी आजोबांच्या दाखल्याची चुरगळलेली प्रत घेऊन तो स्वतः आला.

नावांचेही तसेच. आपल्या आजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू होते. छप्पन्ननंतर सिद्धार्थ, राहुल, आनंद, प्रज्ञा, करुणा आले. एवढ्या कष्टाने बदललेले नाव प्रवेशाच्या घाईत ‘सिधार्त’ होऊन पडते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत, शाळेच्या नोंदीतही, मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव व आडनाव लिहिण्याचा राज्याचा निर्णय आहे. ती मुले २०३० साली पहिलीत येतील. त्या वेळी रजिस्टर लिहिणाऱ्याला आईचे नाव विचारावेच लागेल. आज कित्येक ठिकाणी ते ‘आई’ म्हणूनच ठाऊक असते.

दाखला नाही म्हणून किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. उशिरा आलेल्यालाही नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याची ५, १४ आणि १५ ही कलमे या बाबतीत स्पष्ट आहेत. शाळेत कधीच न गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीला चौथ्या कलमाने वयानुरूप वर्गात बसवायचे असते आणि तिला विशेष शिकवणी द्यायची असते, पहिलीत ढकलायचे नसते. वस्तीतील किती पालकांना हे ठाऊक आहे?

येथे थोडे आपल्याविषयी. आपल्यातील जे शिकले, ज्यांना पगार सुरू झाला, ते प्रथम वस्तीतून बाहेर पडले आणि नंतर त्यांची मुले महापालिकेच्या शाळेतून बाहेर पडली. माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत आहे. कारणे मी देऊ शकतो, पण काळेवाडीच्या त्या गल्लीत बाईंनी सहज विचारले, "सर, तुमचा कुठं आहे?" तेव्हा एकही कारण तोंडातून निघाले नाही. जोतीरावांना हवा असलेला, लोकांत मिसळणारा शिक्षक आता आपल्या घरांतून येऊ शकतो, आला आहे. तो वस्तीत फिरायला निघाला म्हणजे त्याच्याबरोबर कोण असते, हा प्रश्न आपल्या संघटनांनी स्वतःला विचारावा. १४ एप्रिलला आपल्याकडे माणसे असतात, पैसा असतो, मंडप असतो. मे महिन्यात त्याच तरुणांपैकी चौघांनी गुरुवारी संध्याकाळी दोन तास दिले तर एका वस्तीतील पहिलीच्या सगळ्या मुलांचे कागद पाहून होतील.

करायचे असे असते. प्रवेश झाला की आठवड्याभरात शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधील आपल्या मुलाच्या नोंदीचा उतारा मागायचा. तो तेथेच कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायचा: मुलाचे नाव, वडिलांचे, आईचे, आडनाव, जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, धर्म, जात. घरातील सर्वांत जुन्या कागदाशी आडनावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहायचे. चूक असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज करून पोच घ्यायची. त्या वर्षी १५ जूनला, शनिवारी, शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात बाईंच्या वर्गातील सात पालकांनी उतारे मागितले. त्यांतील दोघांच्या नोंदीत जन्मतारीख १ जून होती. एका आईने पिशवीतून रुग्णालयाचा कागद काढला, त्यावर ९ नोव्हेंबर होते.